कुबड्या कशा आहेत?

चिटणीस शहाणे होते की वेडे, याचा निकाल मला अजून लावता आलेला नाही. आमच्या आईनं तो केव्हाच लावून टाकला होता. "अरे, वेडा माणूस वेळेवर येत नाही," असं ती म्हणायची, आणि चिटणीस वेळेवर येत. पण आईचा त्यांच्याशी खरा संबंध आला तो एका संध्याकाळपुरता आणि एका दुपारपुरता. मी त्यांच्याबरोबर वर्षं काढली, त्यांची पत्रं टाइप केली, त्यांच्या घरचे पोहे खाल्ले, त्यांच्यावर चिडलो, त्यांच्यासाठी भांडलो. एवढं करून मी जिथं होतो तिथंच आहे.

त्यांना नाव होतं, आडनावही होतं. पण डोंबिवलीत त्या नावानं त्यांना कोणी हाक मारल्याचं आठवत नाही. रुग्णसाहाय्य मंडळाचे ते चिटणीस, म्हणून सगळ्या गावाचेच चिटणीस. दिवसा कल्याणला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात नोकरी आणि संध्याकाळी मंडळ. मंडळ म्हणजे तरी काय, स्टेशनामागच्या एका चाळीच्या टोकाची खोली. आजारपणात लागतात पण धडधाकट असताना कोणी विकत आणून ठेवत नाही अशा वस्तू तिथून फुकट नेता येत. कुबड्या, लोखंडी खाट, पाठीला लावायचं टेकण, रबरी चादर, बर्फाची पिशवी, अंथरुणातल्या माणसाला द्यायचं भांडं, आणि मंडळाचा मानाचा गणपती म्हणजे चाकांची एक खुर्ची. गरज संपली की वस्तू धुऊन परत आणायची, एवढाच नियम.

स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. शेजारी ठाकुर्लीला पॉवरहाऊस धडधडत असे, त्या विजेवर गाड्या धावत, आणि आम्ही मात्र संध्याकाळी राखेनं कंदिलाच्या काचा पुसत बसू. गावात डॉक्टर होते, पण मोठा दवाखाना नव्हता. दुखणं जड झालं की ठाणं गाठावं लागे. ठाण्याला पोचणं सोपं होतं. घरापासून स्टेशनापर्यंत पोचणं कठीण.

कल्याणहून आले की चिटणीस घरी जायच्या आधी वस्तूंच्या समाचाराला निघत. मी शब्द जपून वापरतो आहे. ते आजाऱ्यांच्या समाचाराला जात नसत, वस्तूंच्या जात. दारातूनच विचारत, "कुबड्या कशा आहेत?" किंवा "टेकण काय म्हणतंय?" अंथरुणातला माणूस कसा आहे, याची चौकशी चुकूनही नाही. नव्या माणसांना राग यायचा. घसरून पाय मोडून घेतलेले एक पेन्शनर मास्तर तर खवळलेच.

"अहो चिटणीस, पाय माझा मोडलाय, कुबडी नव्हे!"

"ते झालंच," चिटणीस म्हणाले. "पण कुबडी कशी आहे?"

मास्तरांनी रागारागात सांगायला सुरुवात केली. कुबडी काखेत रुतते. का रुतते, तर सगळा भार तिच्यावरच येतो. का येतो, तर चांगल्या पायालाही सूज आहे. सुजेचं त्यांनी घरात कुणाला सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी चिटणीस जुन्या धोतराची घडी कुबडीला बांधायला आले ते डॉक्टरांना बरोबर घेऊन.

मी त्यांना एकदा विचारलं, की तुम्ही सरळ प्रकृतीच का विचारत नाही? ते म्हणाले, "प्रकृती विचारली की लोक 'बरं आहे' म्हणतात. मग पुढं बोलायचं काय?"

हे ऐकून मला वाटलं, माणूस फार खोल आहे. आणि त्याच आठवड्यात ते एका घरी गेले. तिथले आजोबा त्याच सकाळी वारले होते, माणसं नुकतीच स्मशानातून परतली होती. चिटणीसांनी दारातून विचारलं, "खाट कशी आहे?" थोरला मुलगा अंगावर धावून आला. चिटणीस बावरून उभे राहिले, मग आत जाऊन त्या रिकाम्या खाटेच्या कडेला बसले आणि घरच्यांहून जास्त रडले. ते आजोबांसाठी रडत होते की खाटेसाठी, हे त्या घराला कळलं नाही. मलाही नाही.

मी मंडळात ओढला गेलो तो आमच्या ताईमुळे. ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. अडली. डॉक्टर म्हणाले, ठाण्याला हलवा, आत्ता. हलवायचं कशावरून? तिला बसवत नव्हतं. शेवटी मधल्या दाराचं कवाड बिजागऱ्यांवरून काढलं, त्यावर गादी टाकली, आणि चौघांनी ते खांद्यावर घेऊन चिखलाखड्ड्यांतून स्टेशन गाठलं. वाटेत दोनदा कवाड कलंडलं. ताई वाचली, मूल वाचलं नाही. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणि थोडं सावकाश आणायला हवं होतं. या दोन्ही गोष्टी एकदम कशा करायच्या, ते त्यांनी सांगितलं नाही.

सुतारानं कवाड परत बसवलं, पण ते पूर्वीसारखं लागेना. पाहुणे यायचे, ताईची प्रकृती विचारायचे, आई "बरी आहे" म्हणून चहा टाकायची. मग एका संध्याकाळी चिटणीस आले. आमची त्यांची ओळख बेताचीच. उंबऱ्याबाहेर उभं राहून त्यांनी आईला विचारलं, "दार लागतं का हो नीट?"

आई "नाही लागत" म्हणाली आणि तिथंच खाली बसून रडायला लागली. इतके दिवस ती रडलीच नव्हती. निघताना चिटणीस मला म्हणाले, "तू मुंबईच्या ऑफिसात टाइपिंग करतोस ना? उद्या संध्याकाळी ये. एक अर्ज करायचाय."

अर्ज होता रुग्णगाडीसाठी. खाटेएवढी लांब, दोन रबरी धावांची चाकं, वर कापडी छत, माणसानं हातानं ढकलायची. अशी गाडी असती तर ताईला कवाडावरून न्यावं लागलं नसतं. मंडळाला ती परवडणं शक्य नव्हतं. फोर्टातल्या एका बँकेनं आपल्या दिवंगत संस्थापक शेठजींच्या नावानं एक धर्मादाय निधी काढला होता आणि त्यातून लहान संस्थांना मदत मिळते, असं आमचे अध्यक्ष वकीलसाहेब यांनी ऐकलं होतं. बँकेचा छापील कागद मिळेपर्यंत वर्ष उलटलं आणि ताईला पुन्हा दिवस गेले, तेव्हा हा अर्ज माझ्यासाठी मंडळाचा राहिला नाही, घरचा झाला. गाडी ताईच्या दिवसांआधी यायला हवी होती. बाकी जगात काय चाललं होतं, मला खरंच आठवत नाही.

आणि अर्ज सांगणारा माणूस हा असा! बँकेच्या छापील कागदावर प्रश्न होते. 'संस्थेचे उद्दिष्ट काय?' चिटणीस म्हणाले, "लिही, गावात कोणी आजारी पडू नये आणि ही संस्था बंद पडावी." 'संस्थेची मालमत्ता कोठे आहे?' "लिही, लोकांच्या घरी." 'मदतीचा विनियोग कसा कराल?' त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "सावकाश. रस्ते वाईट आहेत."

वकीलसाहेबांनी हे वाचलं आणि कपाळाला हात लावला. "चिटणीस, ही बँक आहे, कीर्तन नव्हे. असल्या उत्तरांवर कोण दमडी देईल?"

"मग खोटं लिहायचं का?"

"खोटं नको हो. जरा बरं लिहा."

शेवटी उत्तरं वकीलसाहेबांनी सांगितली आणि मी टाइप केली. चिटणीसांनी मुकाट्यानं सही केली. मला हायसं वाटलं. पुढं पाकीट टपालात टाकायला ते गेले. पाकिटात त्यांनी कोणता कागद घातला, वकीलसाहेबांचा की स्वतःचा, अशी शंका मला अजून आहे. कारण बँकेचं उत्तर फारच लवकर आलं. लिहिलं होतं, आमचे साहेब येत्या रविवारी सकाळी संस्था समक्ष पाहायला येतील.

मंडळात घबराट उडाली. समक्ष पाहायचं काय? त्या खोलीत एक सतरंजी, एक टेबल आणि भिंतीवर पंचांगाचं कॅलेंडर. बाकी सगळं गावात, आजाऱ्यांच्या उशापायथ्याशी. रिकामी खोली पाहून साहेब म्हणणार, संस्था कागदावरची आहे. वकीलसाहेबांनी तोडगा काढला. रविवारी सकाळपुरत्या सगळ्या वस्तू घरोघरून परत आणायच्या, धुऊनपुसून मांडायच्या, साहेब गेले की पोचवायच्या. मला वाटलं चिटणीस भडकतील. त्यांनी मान डोलावली.

"हरकत नाही. मीच आणतो."

लोकही भले. आपल्या मंडळाला गाडी मिळणार म्हटल्यावर कोणी नाही म्हणेना. मास्तर म्हणाले, एक सकाळ भिंत धरून काढू. एका घरी म्हातारीला खाली सतरंजीवर निजवून खाट दिली. रविवारी खोलीत पांढऱ्या चादरी अंथरून आम्ही हळदीकुंकवाची आरास मांडावी तसं सगळं मांडलं. प्रत्येक वस्तूपुढं माझ्या अक्षरातली चिठ्ठी. महिला मंडळाच्या एका हौशी बाई मदतीला आल्या होत्या. त्यांनी पांढरंशुभ्र एनॅमलचं नव्यासारखं एक भांडं पाहिलं, ते कशासाठी असतं ते त्यांना ठाऊक नव्हतं, आणि त्यात त्यांनी शेवंतीची फुलं रचून ते दर्शनी भागी ठेवलं. हे ध्यानात येईपर्यंत साहेब दारात.

साहेब किडकिडीत, टाय लावलेले, गिरगावातले मराठी गृहस्थ. खोली पाहून खूश झाले. "वा! छोट्या गावात एवढा संग्रह! उत्तम ठेवलंय." वकीलसाहेबांचा चेहरा फुलला. मी मनातल्या मनात ताईला गाडीत बसवून ठाण्याला पोचवूनही आलो. मग चहा आला, आणि साहेबांनी पहिला घोट घ्यायला आणि दारात मास्तरांचा मुलगा उभा राहायला एकच गाठ पडली.

"चिटणीसकाका, कुबड्या देता का? बाबा भिंत धरून दमले."

चिटणीस उठले, कुबड्या उचलून त्याच्या हातात दिल्या आणि परत येऊन बसले. वकीलसाहेबांनी डोळे वटारले. तेवढ्यात म्हातारीचा नातू खाट न्यायला आला, बरोबर दोन धट्टेकट्टे शेजारी. मागोमाग बर्फाच्या पिशवीला माणूस, टेकणाला माणूस. चिटणीस प्रत्येकाला वस्तू देत होते. शेवटी एक गृहस्थ अक्षरशः धावत आले.

"अहो, ते भांडं! लवकर! अण्णांना धीर नाही!"

चिटणीसांनी शेवंतीची फुलं काढून साहेबांच्या हातात दिली आणि भांडं त्या गृहस्थाच्या.

चहा संपला तेव्हा खोलीत पांढऱ्या चादरी, माझ्या चिठ्ठ्या आणि फुलं घेऊन बसलेले साहेब, एवढंच उरलं होतं. मला रडू यायचं बाकी होतं. साहेबांनी गोंधळून विचारलं, "हे... हे लोक कोण?"

"आजाऱ्यांच्या घरचे," चिटणीस म्हणाले.

"आणि नेलेल्या वस्तू परत येतात?"

"आज सकाळी सगळ्या आल्या होत्या."

साहेब फुलं टेबलावर ठेवून निघून गेले. त्यांना स्टेशनापर्यंत पोचवून वकीलसाहेब परतले ते चिटणीसांवर इतके ओरडले, की चाळ गोळा झाली. मीही ओरडलो. "तुम्हीच बोलावलंत ना सगळ्यांना? मुद्दाम?" चिटणीस चादरीच्या घड्या घालत होते. "अरे, घरी आजारी माणूस असलं की लोक किती वेळ थांबतील?" एवढंच म्हणाले. हे 'हो' होतं की 'नाही', तुम्हीच ठरवा.

बँकेनं गाडी मंजूर केली. कशी, का, कोणास ठाऊक. पत्रात अट एकच होती. गाडीवर दर्शनी आणि ठळक जागी शेठजींच्या स्मरणाची पितळी पाटी असावी.

इथं मला मधेच थांबून नावांचं सांगायला हवं. आपल्याकडं कोणतंही दान नावाशिवाय होत नाही. देवळाच्या फरशीपासून पाणपोईच्या पेल्यापर्यंत 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' हे हवंच. मंडळाला खाट देणारा माणूसही आपल्या वारलेल्या वडिलांचं नाव तिच्यावर घालायला सांगे. चिटणीसांचा याला सक्त विरोध. "आजारी माणसानं सकाळी डोळे उघडल्यावर समोर कैलासवासी वाचायचं? नको." मग त्यांनी मधला मार्ग काढला. नाव घालायचं, पण वस्तूच्या खालच्या बाजूला.

आमच्या खोलीचे मालक मूळचे मिठागरवाले, आता चाळीचे धनी. त्यांना सगळे दादा म्हणत. खोली फुकट दिलेली, वर खाटही दिली. वडलांचं नाव खाटेखाली लिहिणार म्हटल्यावर ते बिथरले.

"चिटनीस, आजारी मानूस वर झोपल न माजा बाप खाली ऱ्हाल? ह्यो कनचा न्याय?"

चिटणीस म्हणाले, "दादा, तुमचे वडील मिठाच्या पाट्या डोक्यावर वाहायचे ना?"

"जलमभर."

"मग त्यांना ओझ्याचं काय?"

दादा हसले. "बरा. पन रंग पक्का लावा. धुवून जायाला नको." तेव्हापासून ही पद्धतच पडली. अडचण फक्त त्या भांड्याची होती. तिथं खाली काय आणि वर काय, नाव घालण्याजोगी जागाच नव्हती. भांडं देणारे लोक आपण होऊन गुप्तदान म्हणत.

बँकेची पाटी मात्र खाली घालता येईना. 'दर्शनी आणि ठळक' असं पत्रातच होतं. गाडी तयार होऊन आली ती पाटीसकटच, उशाच्या बाजूला चार स्क्रूंनी पक्की बसवलेली. पितळेवर कोरलेली मोठी अक्षरं, पहिलंच 'कै.' चिटणीस गाडीभोवती फिरले, चाकं फिरवून पाहिली आणि पाटीकडं पाहून नुसतं "हं" म्हणाले.

आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, भर दुपारी, ताईच्या कळा सुरू झाल्या. डॉक्टर पुन्हा म्हणाले, ठाणं. या वेळी मी धावत चिटणीसांकडं गेलो. रविवार होता म्हणून चिटणीस घरी होते. गाडी दाराशी आली. ताईला उचलणार, एवढ्यात आईची नजर पाटीवर गेली.

"हे काय लिहिलंय डोक्याशी?"

मी पाटीच्या आड उभा राहिलो.

"वाच की."

मी वाचलं. आई दोन्ही हात पसरून ताईच्या आडवी उभी राहिली. "कैलासवासी? बाळंतिणीच्या उशाशी? नाही. एकदा भोगलंय माझ्या लेकीनं. काढ रे ते कवाड, मी कवाडावरून नेईन!"

वकीलसाहेबही आले होते. ते समजूत घालू लागले, की हे सगळं मनाचे खेळ आहेत. आई ऐकेना. ताई भिंतीला धरून कण्हत होती. मी आईवर ओरडलो, मग बँकेवर, मग त्या मेलेल्या शेठजींवर. चिटणीसांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. तो त्यांनी घरून निघतानाच आणला होता.

"चिटणीस, बँकेची अट आहे!" वकीलसाहेब म्हणाले. "गाडी परत नेतील."

"नेतील तेव्हा नेतील," चिटणीस म्हणाले. "आत्ता ठाण्याला न्यायचीय."

त्यांनी पाटी काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि सदऱ्याच्या आत पोटाशी धरली. एका हातानं पाटी सांभाळत, दुसऱ्यानं गाडीचा दांडा धरून ते चालू लागले. खड्डा आला की "सावकाश" म्हणत, आणि मी घाई केली की पुन्हा "सावकाश". स्टेशनावर त्यांनी गाडी सामानाच्या डब्यात चढवली. ताईचं तिकीट काढलं आणि गाडीची पार्सलची पावतीही फाडून घेतली, कारण रेल्वेचा माणूस रेल्वेला फसवणार नाही. मला त्या क्षणी त्यांचा गळा धरावासा वाटला होता. पण आगगाडी वेळेवर सुटली, ठाण्याला उतरून आम्ही टेंभी नाक्यावरून रुग्णगाडी ढकलत दवाखान्यात पोचलो, आणि अंधार पडायच्या आत ताईला मुलगी झाली. मोठ्यानं रडत होती. माझ्या आयुष्यात मी इतका चांगला आवाज ऐकलेला नाही.

ताई घरी आल्यावर चिटणीस दारात उभे. "चाकं कशी चालली?"

ताई म्हणाली, "डावं चाक कुरकुरतं, काका. पण पोरीला आवडलं असावं." आणि दोघंही हसत राहिले.

पाटी परत गाडीवर लागली नाही. मग ती गेली कुठं? तर चिटणीसांनी ती स्वतःच्या घराच्या दारावर लावली! 'कै. शेठ' अमुक अमुक 'यांच्या स्मरणार्थ', आणि त्याखाली चिटणीसांचं बिऱ्हाड. मी चाट पडलो. म्हणाले, "बँकेनं ठळक जागा सांगितलीय. आमचं दार स्टेशनावरून येणाऱ्या प्रत्येकाला दिसतं." काकूंची, म्हणजे त्यांच्या पत्नीची, मला कमाल वाटते. त्या रोज चिंचेनं ती पाटी घासत, तिला कुंकू लावत, वर एक फूल. "कुणाचे का असेनात, कैलासवासी आपल्या दारी आलेत," म्हणायच्या. नवा पोस्टमन आला तो महिनाभर हळू आवाजात बोलत असे. एकदा कोणी लांबचे नातेवाईक पाटी वाचून दारातच रडू लागले, त्यांना काकूंनी चहा देऊन गप्प केलं.

वर्षभरानं बँकेचे तेच साहेब गाडीचा फोटो घ्यायला आले. गाडी अर्थातच बाहेर होती, एका पेशंटला घेऊन कल्याणला. "निदान पाटी तरी दाखवा," साहेब म्हणाले. चिटणीस त्यांना आपल्या घरी घेऊन गेले. मी बरोबर होतो. साहेब दारापुढं उभे राहिले, कुंकू पाहिलं, फूल पाहिलं.

"ही पाटी गाडीवर हवी होती."

"गाडीवर आजारी माणूस असतो," चिटणीस म्हणाले. "त्याला दोघांची गर्दी होते."

साहेबांनी बूट काढले, आत आले, चहा घेतला. फोटो दाराचाच काढला. बँकेनं गाडी परत नेली नाही. मात्र यापुढं मंडळानं अर्ज करू नये, असं कळवलं. यावर चिटणीसांनी काय करावं? दर वर्षी त्याच सुमारास माझ्याकडून ते बँकेला एक पत्र टाइप करून घेऊ लागले. मागणी काही नाही. एकच ओळ, की गाडी बरी आहे, डावं चाक तेवढं कुरकुरतं. मी म्हणायचो, अहो, याला उत्तर कोण देणार? बँकेनं कधी दिलंही नाही. पण दिवाळीच्या सुमारास साहेबांचं घरचं कार्ड येऊ लागलं. त्यातही एकच ओळ असायची, 'डावे चाक कसे आहे?'

चिटणीस आजारी पडले तेव्हा कुणाच्या ध्यानात यायच्या आधीच दुखणं बरंच पुढं गेलं होतं. त्यांना त्याच गाडीवरून ठाण्याला नेलं. मी भेटायला गेलो. खाटेशी उभा राहिलो, आणि 'कसं वाटतंय' हे शब्द तोंडात आले होते ते गिळले.

"चिटणीस, चादर कशी आहे?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. डोळ्यांत जरा हसू आल्यासारखं वाटलं.

"टोचते रे," म्हणाले. "फार टोचते."

इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःबद्दल मला सांगितलेली ही एकच गोष्ट. मी घरून आईचं जुनं मऊ लुगडं नेऊन अंथरलं. त्यावर ते आणखी थोडे दिवस होते.

ते गेल्यावर मी काकूंना विचारलं, "बँकेचे साहेब आले त्या रविवारी सगळ्यांना त्यांनीच बोलावलं होतं का हो?" काकू पाटी घासत होत्या. म्हणाल्या, "मला कुठं काय सांगायचे? आदल्या दिवशी एवढंच विचारत होते, पाहुण्यांचा चहा किती वाजता होतो म्हणून." मी आणखी गोंधळलो.

मंडळाच्या सभेत ठरलं, की रुग्णगाडीवर चिटणीसांचं नाव घालायचं. कुणी म्हणालं छतावर, कुणी म्हणालं उशाशी. दादा मागं बसले होते. "वर नको," ते म्हणाले. "त्यांना चालाचा नाय. खाली लिवा, माजे बापासारका."

अक्षर माझं बरं, म्हणून काम माझ्याकडं आलं. रंगाची डबी आणि ब्रश घेऊन मी मंडळाच्या खोलीत गाडीखाली उताणा झोपलो. तोंडावर गंज पडत होता. 'कै.' लिहिलं. त्यांचं नाव लिहिलं, जे मी त्यांना कधी हाक म्हणून वापरलं नव्हतं. आता वडलांचं नाव आणि आडनाव घालायचं, एवढ्यात दारात धावती पावलं वाजली.

"गाडी हाय का? आमचे सुनंला ठान्याला न्यायाची हाय. लवकर द्या!"

रंग ओला आहे, म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. गाडी माझ्यावरून पुढं सरकली, डावं चाक कुरकुरलं, आणि मी हातात ब्रश धरून रिकाम्या खोलीत जमिनीवर पडून राहिलो. कुणीतरी बाहेर म्हणत होतं, "सावकाश."

आडनाव घालायचं राहिलं ते राहिलंच. त्यानंतर मी किती वेळा रंग घेऊन गेलो, पण गाडी कधी जागेवर सापडली नाही.